मागच्या पडवीतलं फुगीर, भरलेलं आमलेट

नऊ डिसेंबरला नानांचे उरलेसुरले दात काढले. दंतवैद्यांनी पुढचा क्रम एका कागदावर लिहून दिला: हिरड्या भरून यायला दोन-तीन महिने, मग माप, मग चाव्याची नोंद, मग मेणावरची ट्रायल आणि शेवटी कवळी. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ होती, ‘मऊ आहार, रोज दोन अंडी’. आमच्या घरात तोवर कधी अंडं फुटलेलं नव्हतं.

आई माळकरी. नाना एसटीत वाहक होते. मुक्कामाच्या गाडीवर असले की धुळ्याच्या स्टँडबाहेर भुर्जी-पाव खायचे, पण घरी त्याचा विषय काढत नसत. मी स्वतः अंडी खातो, तीही बाहेरच. करायला कधी शिकलो नव्हतो. अमळनेरात आमच्यासारखी कितीतरी घरं आहेत. ज्यांच्या घरी कुणी असंच कवळीची वाट बघत बसलंय, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितोय. खर्चही सांगतो.

पहिला आठवडा पेज, मुगाची खिचडी आणि दुधात कुस्करलेल्या पोळीवर गेला. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाणाऱ्या माणसाला हे किती दिवस चालणार? नाना काही बोलायचे नाहीत, ताट अर्धं ठेवून उठायचे. वजन उतरायला लागलं तसा मला घोर लागला. बाहेरून उकडलेली अंडी आणून पाहिली. पांढरा भाग हिरड्यांवरून निसटायचा, पिवळा बलक कोरडा म्हणून घशात बसायचा. गाडीवरचं साधं आमलेट घरी येईपर्यंत कडेने चिवट व्हायचं. जिभेने टाळूवर दाबलं तरी तुटेल असं काहीतरी हवं होतं. एका सहकाऱ्याने सांगितलं की पांढरं वेगळं फेटून केलेलं आमलेट स्पंजासारखं मऊ होतं आणि आत काही भरलं तर चवही येते. तिथून सुरुवात झाली.

आईशी बोलणं सगळ्यात अवघड वाटत होतं. दोन-तीन दिवस मी शब्दच जुळवत होतो. शेवटी दंतवैद्यांचा कागदच तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “तुले जे करनं शे ते मांगे कर. मन्हा ओटावर नको.” मागे म्हणजे मागची पडवी. अटी तिनेच ठरवल्या: शेगडी वेगळी, भांडी वेगळी, घासणी आणि साबणही वेगळा, एकादशीला नाही. मला त्या पूर्ण मान्य होत्या. तिच्या घरात तिला रोज सकाळी जीव मारून वावरायला लागू नये, हे मलाही हवंच होतं. तुमच्याकडे असा प्रश्न असेल तर आधी बोलून घ्या, खरेदी नंतर करा. लपवून आणलेल्या तव्याने घरात जे होतं ते कुठल्याही अंड्याने भरून निघत नाही.

मग गॅस. इंडक्शन शेगडीचा विचार केला होता, पण सकाळी लाइट गेली की नानांचा नाश्ता अडकणार. एजन्सीत चौकशी केली. घरच्या कनेक्शनवर दुसरा सिलिंडर हवा तर कनेक्शन नानांच्या नावावर, म्हणजे पासबुक, त्यांची सही आणि केवायसी, त्यासाठी त्यांना तिथे घेऊन जायचं. सुजलेल्या तोंडाने त्यांना रांगेत उभं करायचं नव्हतं. काउंटरवरच्या ताईंनीच सुचवलं की पाच किलोचा बिनअनुदानित छोटा सिलिंडर घ्या, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. आधारकार्डाची झेरॉक्स दिली, अर्जावर सही केली, अर्ध्या तासात सिलिंडर हातात. पहिल्यांदा अनामत आणि गॅस धरून दीड हजाराच्या आसपास गेले, नंतर फक्त गॅसचे पैसे. रेग्युलेटर आणि नळी दुकानातच जोडून, साबणाचं पाणी लावून गळती तपासून घ्या. नळीवर आयएसआय खूण आणि वापरायची मुदत छापलेली असते तीही बघा.

बाकीची खरेदी अशी झाली: एका बर्नरची शेगडी साडेनऊशे, आठ इंची नॉनस्टिक पॅन उंच काचेच्या झाकणासह साडेसहाशे, तारेचं फेटणं ऐंशी, दोन स्टीलचे खोल वाडगे आणि एक छोटी वाटी मिळून तीनशे, लाकडी उलथणं चाळीस. घरात ताक घुसळायची रवी होती, पण ती आईच्या लोण्याची. इलेक्ट्रिक बीटर घेतलं नाही. दोन अंड्यांचं पांढरं हाताने पाच-सहा मिनिटांत फुलतं, थोडं मनगट भरून येतं एवढंच.

अंड्यांचा भाव रोज हलतो. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासून काम करते, तिचे रोजचे दर मोबाइलवर येतात आणि ठोकवाला ते पाहूनच पाटीवर आकडा लिहितो. थंडीत मागणी वाढते, भाव चढतो. डिसेंबरअखेर मला तीस अंड्यांचा ट्रे २१५ रुपयांना पडला, सुटं अंडं आठ रुपये. एकट्या माणसासाठी करणार असाल तरी ट्रे घ्यायला हरकत नाही, फ्रीजमध्ये अंडी तीन आठवडे सहज राहतात. पण ती आणल्यावर धुवू नका. धुतल्याने कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

एकोणतीस डिसेंबरला पहिल्यांदा शेगडी पेटवली. खान्देशातली ती सकाळ, पडवीत बोचरा गारठा, वारा थेट ज्योतीवर. एक बाजू करपते, एक कच्ची राहते. त्या दिवसाचं आमलेट मी खाल्लं आणि नानांना पेज दिली. दुपारी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून तीन बाजूंचा आडोसा केला. सिलिंडर त्याच्या बाहेर, लांब ठेवला. ज्योत सरळ झाली.

पुढचे काही दिवस एकच अडचण होती: पांढरं फुलायचं नाही. फेटत राहिलो तरी वर थोडा फेस, खाली पाणी. कारणं एकेक करून सापडत गेली, ती सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

अंड्याच्या पांढऱ्या भागात नव्वद टक्के पाणी असतं, उरलेली बहुतेक प्रथिनं. फेटताना ती प्रथिनं उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. तेलातुपाचा किंवा पिवळ्या बलकाचा अंश जरी मिसळला तरी तो पडदा धरत नाही, कारण बलकात स्निग्धांश असतो. म्हणून वाडगा प्लास्टिकचा नको, त्याला तेलकटपणा चिकटून राहतो. स्टीलचा वाडगा आणि फेटणं वापरण्याआधी लिंबाच्या फोडीने आतून पुसून कोरडं करायचं. दुसरं, प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीवर फोडायचं, बलक नीट वेगळा झाला तरच पांढरं मोठ्या वाडग्यात ओतायचं. बलक फुटला तर ते अंडं बाजूला ठेवायचं, त्याचं साधं आमलेट होतं.

तिसरी गोष्ट तापमानाची. फ्रीजमधून काढलेलं गार अंडं वेगळं करायला सोपं, कारण बलक घट्ट असतो. फुलायला मात्र कोमट पांढरं चांगलं. तेव्हा गार असताना वेगळं करायचं आणि मग पांढरं अर्धा तास तसंच झाकून ठेवायचं. जानेवारीत आमच्या पडवीत अर्ध्या तासानेही ते गारच राहायचं, तेव्हा वाडगा कोमट पाण्याच्या परातीत पाच मिनिटं ठेवला. त्या सकाळी पहिल्यांदा फेटणं उचललं आणि पांढऱ्याचं टोक उभं राहून हळूच वाकलं. मी ते दोन-तीनदा बुडवून उचलून पाहिलं. फार आनंद झाला होता.

हाच थांबायचा क्षण. टोक वाकतंय, वाडगा तिरका केला तर फेस सरकत नाही, वरची चकाकी अजून आहे. त्यापुढे फेटलं की फेस कोरडा पडून बोंडातल्या कापसासारखा गुठळ्या-गुठळ्यांचा होतो आणि तळाशी पाणी सुटतं. तो बलकात नीट मिसळत नाही. लिंबाचे चार थेंब सुरुवातीलाच टाकले तर फेस टिकतो. मीठ पांढऱ्यात टाकू नका, ते बलकात घाला.

फ्रान्समध्ये मों-सें-मिशेल बेटावर आनेत पुलार या बाईंनी १८८८ मध्ये खानावळ उघडली, तिचं फुगीर आमलेट आजही प्रसिद्ध आहे. तिथे अंडी तांब्याच्या भांड्यात फेटतात आणि लाकडाच्या जाळावर लांब दांड्याच्या पॅनमध्ये करतात. तांब्याचा सूक्ष्म अंश पांढऱ्यातल्या एका प्रथिनाशी जोडला जातो आणि फेस जास्त बळकट होतो. आमच्याकडे तांब्याची भांडी आहेत, पण ती देवाची आणि पिण्याच्या पाण्याची. स्टील आणि लिंबाने काम व्यवस्थित होतं. तुम्ही तांब्याचं भांडं वापरलंत तर मात्र त्यात लिंबू घालू नका, आंबट आणि तांबं एकत्र नको.

आता कृती, दोन अंड्यांची. दोन्ही बलकांत चिमूटभर मीठ, थोडी मिरपूड, एक चमचा दूध घालून एकजीव करा. फुललेल्या पांढऱ्यातला मोठा चमचाभर भाग बलकात मिसळा म्हणजे ते सैल होतं. मग ते सगळं पांढऱ्यावर ओता आणि खालून वर, कडेकडेने उलथण्याने घडी घातल्यासारखं हलवा. आठ-दहा वेळा पुरे. एखादी पांढरी रेघ दिसली तर दिसू द्या. गोल गोल ढवळलं की भरलेली हवा निघून जाते.

पॅन मंद आचेवर दोन मिनिटं तापवा. अर्धा चमचा तूप घाला, ते वितळून पसरलं पण धुरावलं नाही अशा वेळी मिश्रण ओता आणि हलक्या हाताने सपाट करा. ज्योत अगदी बारीक. झाकण ठेवा. झाकणाला आतून वाफ धरते आणि ते पाणी आमलेटवर टपकलं की मध्ये खड्डे पडतात, म्हणून झाकणाला सुती फडकं गुंडाळून टोकं वर बांधून घ्या. पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. मला सुरुवातीला हे जमतच नव्हतं, सारखं बघावंसं वाटायचं. काचेच्या झाकणाला फडकं बांधल्यावर दिसणंच बंद झालं आणि हात आपोआप मागे राहिला. पाच-सहा मिनिटांनी वरून बोट लावलं तर चिकट नको, खालची कड उचलली तर फिकट बदामी रंग. म्हाताऱ्या माणसासाठी करत असाल तर आत ओलसर ठेवू नका, सुरीचं टोक मधोमध घालून बघा, कोरडं निघालं पाहिजे. कच्च्या अंड्यातून जंतुसंसर्गाची भीती या वयात जास्त.

भरायचं सारण आधीच तयार आणि गरम हवं. आमलेट झाल्यावर सारण करायला घेतलं तर तोवर ते बसतं. सारण कोरडं हवं, दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. मधोमध सुरीने वरवर एक रेघ मारा, आरपार नाही. एका अर्ध्यावर सारण पसरा, दुसरा अर्धा त्यावर दुमडा आणि सरकवत ताटलीत घ्या. रेघ मारलेली असली की दुमडताना फाटत नाही.

सुरुवातीला सारण म्हणून किसलेलं चीज घातलं, मग हाताने मळलेलं पनीर आणि वाफवून पिळलेला पालक. नाना खायचे, पण मागायचे नाहीत. संक्रांतीनंतर एका सकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि उंबरठ्याच्या आतूनच एक वाटी माझ्या हातात दिली. भरीत. यावल तालुक्यातल्या बामणोदची हिरवट-पांढरी वांगी आदल्या दिवशी बाजारात आली होती, तिने ती भाजून, ठेचून, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात अगदी बारीक करून घातली होती. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप नव्हते. नानांना चावणार नाहीत म्हणून तिने ते वगळले होते, मला सांगावं लागलं नाही. वाटी परत देताना धुऊन देऊ का विचारलं, तर म्हणाली, ती वाटी आता तिकडेच ठेव.

जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हे वांगं मोठं असतं, त्यात बिया कमी आणि गर लोण्यासारखा उतरतो. नेमकं बिनदाताच्या माणसाला हवं तेच. फक्त आमलेटमध्ये घालण्याआधी भरीत कोरड्या पॅनमध्ये दोन मिनिटं परतून त्याचं पाणी आणि जास्तीचं तेल आटवायचं, नाहीतर खालचा थर भिजतो. नानांनी त्या दिवशी पूर्ण आमलेट संपवलं आणि ताटली पुसून घेतली. दुसऱ्या दिवसापासून पडवीत खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, “आज मझार काय शे रे भाऊ?” म्हणजे आज आत काय भरलंय.

त्यांचं खुर्चीत बसणं कामाचंही होतं. हे आमलेट ताटलीत आल्यावर दोन-तीन मिनिटांत खाली बसायला लागतं, आतली हवा गार होऊन आकसते. त्यात बिघडलेलं काही नाही, चव तीच राहते, पण मऊपणा गरम असतानाच. म्हणून खाणाऱ्याची आंघोळ, पूजा, औषध सगळं आधी उरकू द्या आणि तो समोर बसल्यावरच पांढरं फेटायला घ्या. फेटलेलं पांढरं थांबत नाही. डब्यात नेण्यासाठी हा पदार्थ नाही, डब्याला साधं आमलेट द्या.

फेब्रुवारीत भरिताची वांगी कमी झाली तेव्हा केळ्यावर आलो. रावेर-सावद्याची केळी आमच्याकडे वर्षभर असतातच. पिकलेलं एक केळं तुपात परतून, किसलेला गूळ चमचाभर, वेलदोडा. बलकात मिरपूड घालायची नाही. गोड आमलेट ऐकून लोक नाक मुरडतात, पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला सकाळी ते फार आवडतं, शिवाय एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात ती मिळतातच. मधुमेह असेल तर अर्थात नको.

दहा मार्चला कवळी बसली. पहिले काही दिवस ती टोचते, दोनदा घासून घ्यायला जावं लागलं. त्या दिवसांतही मऊ नाश्ताच उपयोगी पडला. वजन डिसेंबरच्या आधी होतं तिथवर आलं आहे.

आता मे. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा अंडी बाहेर ठेवायचीच नाहीत. फ्रीजच्या दारातही नको, ते सारखं उघडतं. मधल्या कप्प्यात ठेवा. शंका आली तर अंडं पाण्यात सोडा, तळाशी आडवं राहिलं तर ताजं, तरंगलं तर टाकून द्या. थंडीत पांढरं अर्ध्या तासानेही गारच असायचं, आता दहा मिनिटांत कोमट होतं. आणि सकाळी सहाच्या आत शेगडी बंद झालेली बरी.

रोजचा खर्च दोन अंडी, तूप, सारण आणि गॅस मिळून पंचवीस रुपयांच्या आत बसतो. वेळ, पांढरं ठेवून देण्याचा सोडून, वीस-बावीस मिनिटं.

पावसाळ्यात मागच्या पडवीत झड येते, तिथे शेगडी टिकणार नाही. आईने कोठीच्या खोलीतली खिडकीखालची जागा दाखवली आहे, धान्याची एक कोठी सरकवली की शेगडी मावते. पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, नुसती खिडकी पुरत नाही. म्हणून गवंड्याला बोलावून भिंतीत खाली, फरशीच्या वर चार बोटांवर, जाळीचं भोक पाडून घ्यायचं आहे. उंदरांसाठी जाळी बारीक हवी, हे आईने बजावलंय.